गुणवत्ता-सुधार की संशोधन? आतुरालयातील एक सीमारेषा

पंचकर्म विभाग चालविणाऱ्या अनेक वैद्यांच्या मनात एक शंका असते. बस्तिकर्माच्या नोंदी आपण ठेवतोच; वर्षभराच्या नोंदी एकत्र करून त्यांतून निष्कर्ष काढला, तर ते संशोधन झाले काय? झाले असल्यास नैतिकता समितीची अनुमती केव्हा घ्यावयाची? लेख प्रसिद्धीस पाठविताना नियतकालिके अनुमतीचा क्रमांक मागतात, आणि काम संपल्यावर मागाहून ती सहसा मिळत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, रुग्णास न विचारता त्याच्यावर प्रयोग झाला असेल, तर त्याची भरपाई कोणताही क्रमांक करू शकत नाही.

या प्रश्नावरील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्याचे आहे. तेथील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत २००३ पासून एक उपक्रम राबविला गेला. मोठ्या शिरेत नलिका घालताना हात धुणे, रुग्णास निर्जंतुक वस्त्राने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे, अनावश्यक नलिका त्वरित काढणे, इतकेच त्यात होते. यांतील एकही गोष्ट नवी नव्हती. तथापि एक हजार नलिका-दिवसांमागे रक्तसंसर्गाचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. हे फलित डिसेंबर २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या समितीने हा उपक्रम परीक्षणातून वगळला होता. २००७ मध्ये मानवी संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी शासनाच्या कार्यालयाने त्यास हरकत घेतली. जीव वाचविणाऱ्या कामास नियमांचा अडसर का, अशी टीका झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये कार्यालयाने खुलासा केला: हे उपाय आता केवळ रुग्णसेवा म्हणून वापरले जात असल्याने त्यांस संशोधनाचे नियम लागू नाहीत, मात्र आरंभी त्यांच्या परिणामाचा जो अभ्यास झाला, तो संशोधनच होता. त्यासही शीघ्र परीक्षण आणि संमतीतून सूट मिळू शकली असती, असेही कार्यालयाने नमूद केले. टीकाकारांचा रोष रास्त होता, पण कार्यालयाने केलेला भेद मला तर्कशुद्ध वाटतो. कृती तीच असली, तरी ती कशासाठी योजिली यावर तिचे स्वरूप ठरते. अमेरिकी नियमांतील व्याख्याही हेच सांगते: सर्वत्र लागू पडेल अशा ज्ञानात भर घालण्यासाठी रचलेले पद्धतशीर अन्वेषण म्हणजे संशोधन.

आता आपल्या बस्तिगृहाकडे वळू. निरूहापूर्वी रुग्ण निरन्न आहे ना, अनुवासनापूर्वी त्याने भोजन केले ना, मलमूत्रविसर्जन झाले ना, द्रव्य सुखोष्ण आहे ना, याची तपासयादी केली, व्यापदांची मासिक मोजणी केली, आणि जे चुकते ते पुढील महिन्यात बदलले, तर तो गुणवत्ता-सुधार होय. येथे मान्य विधीचेच पालन सुधारते, आणि योजना मध्येच बदलण्यास मोकळीक असते.

याउलट, अर्ध्या रुग्णांस सहचर तैल व अर्ध्यांस तिळतैल चिठ्ठी टाकून दिले, की सीमा ओलांडली गेली. त्या रुग्णाचे तैल आता त्याचा दोष आणि अवस्था ठरवीत नाही. ते चिठ्ठी ठरविते. चिठ्ठी नसतानाही, तुलना सोपी व्हावी एवढ्यासाठी सर्वांची मात्रा एकच गोठविली, तर तेही तेच. व्यक्तिपरत्वे चिकित्सा करणाऱ्या आपल्या शास्त्रात ही खूण चटकन ओळखू यावी. प्रकाशनाचा हेतू मात्र ही खूण नव्हे. स्थानिक अनुभव प्रसिद्ध केल्याने तो संशोधन ठरत नाही, आणि अप्रकाशित राहिल्याने प्रयोग सेवा ठरत नाही. वहीवर ‘गुणवत्ता-सुधार’ असे लिहिल्यानेही काही साधत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जोखीम किमानाहून कमी असून रुग्णाची ओळख जोडलेली नसेल, तर संस्थांतर्गत गुणवत्ता-परीक्षणास सूट मिळू शकते. ती सूट आहे किंवा नाही, हे समितीने ठरवावयाचे असते, करणाऱ्याने नव्हे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधामुळे ही वाट परिचित असते. अडचण होते ती छोट्या रुग्णालयांची. स्वतःची समिती नसलेल्या संस्थेस दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तेथे प्रस्ताव नेता येतो. उद्देश, रुग्णाच्या चिकित्सेत होणारा बदल आणि नोंदींचा वापर सांगणारे एक पानाचे टिपण पहिल्या रुग्णाची नोंद होण्यापूर्वी पाठवावे.