जुनी जीप, लांबची वाट

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग इथल्या माणसाच्या बोलण्यातच आहेत: घाटावर आणि घाटाखाली. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. मधे अजिंठ्याची डोंगररांग, तिच्यावरून उतरणारे राजूर आणि बोथ्याचे घाट. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवाचे जंगल. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन इतकी चिकण की भर पावसाळ्यात पांदणीतून ट्रॅक्टरसुद्धा जपून न्यावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. चढ, चिखल आणि ऊन या तिन्ही कसोट्या एकाच जिल्ह्यात घेता येतात. लेह, स्पिती किंवा अरुणाचलला जाण्यासाठी जुनी फोर-बाय-फोर गाडी पारखायची, तर याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

लांब जाण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. डिसेंबर 2022मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि मेहकर, सिंदखेड राजाची माणसे थेट वेगवान रस्त्यावर आली. पण नवी फोर-बाय-फोर रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या बरीच पुढे जाते. शिक्षक, छोटा व्यापारी किंवा मध्यम शेतकरी यांना जुन्या गाडीचाच रस्ता उरतो. तो कमीपणाचा मुळीच नाही. मात्र डोळे उघडे ठेवून चालायचा आहे.

या गाड्यांचे कूळ बरेचसे महाराष्ट्रातलेच आहे. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने अमेरिकेतल्या विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडणी सुरू केली. पुढे त्याच घराण्यातून एमएम 540 आली. नाशिकच्या कारखान्यातून 2000 साली बोलेरो आणि 2002 साली स्कॉर्पिओ बाहेर पडली. 2010 साली थार आली. पुण्याच्या टाटांची सफारी 1998ची. याचा फायदा आजही मिळतो. खेड्यापाड्यांत काळी-पिवळीच्या रूपाने याच जातीच्या गाड्या वर्षानुवर्षे धावल्या, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीचा हात त्यांच्यावर बसलेला आहे आणि सुटे भाग दुकानात मिळतात.

आता यंत्राकडे वळू. या बहुतेक गाड्यांत नेहमी मागचीच चाके ओढतात. ट्रान्सफर केसचा छोटा दांडा किंवा बटण वापरले की पुढच्या चाकांनाही ताकद जाते. लो रेंज टाकली की वेग कमी होतो आणि चाकावरची ओढ वाढते. जुन्या सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या, थारमध्ये ती जवळपास अडीचपट होते. चिखलातून निघताना, दगडी ओढा ओलांडताना आणि विशेषतः तीव्र उतारावर ब्रेक न तापवता उतरताना या लो रेंजचे मोल कळते. मात्र कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर टाकून गाडी पळवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. तो फरक सामावून घेणारी व्यवस्था मधे नसल्याने सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो.

बाजारात पर्याय मोजके आहेत. जिप्सी 1985 साली आली. वजनाला हलकी, पेट्रोलवर चालणारी, पुढे-मागे कमानपाटे, बांधणी सरळ. चिखलातून ती सहज निघते, पण टाकी फक्त 40 लिटरची. मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपावरची, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचे सांगणारी पाटी प्रवाशांत प्रसिद्ध आहे. सामानासह लिटरला नऊ किलोमीटर धरले तर जिप्सीचे गणित 360वरच संपते. कॅन बरोबर हवाच. जुन्या सीआरडीई थारचे 2498 सीसी डिझेल इंजिन 105 अश्वशक्तीचे आणि टाकी 60 लिटरची. लिटरला अकरा धरले तरी 660 किलोमीटर निघतात. 2015च्या सुधारित थारमध्ये मागच्या डिफरन्शियलला आपोआप लॉक होणारी सोयही मिळाली. उणीव एकच: मागची बाके समोरासमोर असल्याने घरच्या वडीलधाऱ्यांना लांबचा प्रवास जड जातो.

चौघांच्या कुटुंबाला स्कॉर्पिओ किंवा सफारीची फोर-बाय-फोर आवृत्ती बरी. बसायला ऐसपैस, महामार्गावर स्थिर. दोन्हींत फोर-बाय-फोर बटणावर आणि विजेच्या मोटारीवर चालते. वर्षानुवर्षे कुणी ते वापरलेच नसेल तर ऐन वेळी मोटार अडकते, म्हणून व्यवहाराआधी प्रत्येक पर्याय टाकून पाहावा. फोर्स गुरखाच्या फोर-बाय-फोर आवृत्तीत पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक मिळतात. अवघड वाटेवर तिचा हात धरणारे कमी, पण जुन्या बाजारात ती क्वचित दिसते. बोलेरोबाबत एक सावधगिरी: रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालतात. मागे चिकटवलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. खाली वाकून पुढच्या ॲक्सलकडे शाफ्ट जातो का, ते स्वतः पाहा.

गाडी पाहायला सकाळी जा आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नका, असे मालकाला सांगा. थंड इंजिन पटकन सुरू झाले पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण उघडून पाहा. जोराने धूर फेकत असेल तर इंजिनकाम जवळ आले. डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. चेसिसला नवे वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग असेल तर तिथे बारकाईने तपासा. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

मग ती राजूर घाटात न्या. चढताना तापमानाचा काटा मधोमध राहतो का, क्लच घसरतो का, हे बघा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. गिअर स्वतःहून सुटत असेल तर गिअरबॉक्सचा खर्च धरा. शेवटी मालकाच्या परवानगीने शेताच्या मातीवर फोर-बाय-फोर आणि लो रेंज लावून सावकाश वळवा. खडखडाट आला तर क्रॉस किंवा ॲक्सलचा जॉइंट गेलेला असू शकतो.

कागदांची परीक्षा इंजिनाइतकीच कडक हवी. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेले असणे नेहमीचे आहे. आरसी बुकात त्याची नोंद नसेल तर पुढे विमा आणि पासिंग दोन्ही अडतात. चेसिस नंबर स्वतः पडताळा. कर्जाचा बोजा उतरला आहे का, ते पाहा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एनओसीशिवाय पैसे देऊ नका. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या सजवलेल्या जीप डोळ्यांत भरतात, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. नोंदणीला 15 वर्षे झाल्यावर फेरतपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवरचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. उत्तरेकडे निघण्याआधी ताजी स्थिती पाहून घ्या.

पैशाचा हिशेब असा करा: हातात असलेल्या रकमेचा चौथा भाग आधीच बाजूला काढा. टायर, बॅटरी, क्लच, सगळी तेले, बेल्ट, रबरी पाइप आणि ब्रेक यांवर तो खर्च होणारच. छतावरचे तंबू, झगझगीत दिवे आणि विंच यांची पाळी त्यानंतर. पहिली फेरी लोणार-सिंदखेड राजाची, दुसरी चिखलदऱ्याची. या दोन फेऱ्यांत जे दुखणे निघायचे ते घराजवळच निघेल. ज्ञानगंगा किंवा अंबाबरवाच्या जंगलात मात्र वाट सोडून गाडी घालू नका. ती वन्यप्राण्यांची जागा आहे आणि तसे करणे गुन्हाही आहे.

एकटा किंवा जोडीने जाणाऱ्याने नीट राखलेली, मूळ रूपातली, कागद स्वच्छ असलेली सीआरडीई थार घ्यावी. कुटुंब घेऊन जाणाऱ्याने फोर-बाय-फोर स्कॉर्पिओ. दोन गाड्यांत मन अडले तर जी तुमच्या गावचा मिस्त्री उघडून पुन्हा जोडू शकतो, ती निवडा.