गाथेच्या घरातली रॅकेट

नंदुरबारसारख्या गावी मराठी शिकविणाऱ्या बाईने टेनिसवर लिहावे, हे वाचून कोणालाही हसू येईल. आमच्या गावाची कीर्ती मिरचीसाठी. आणि त्याहून मोठी कीर्ती १९४२ साली हातातला तिरंगा न सोडता गोळ्या झेलणाऱ्या शिरीषकुमारसाठी. टेनिसशी माझा संबंध कधी आला नव्हता. पण गेल्या उन्हाळ्यात घरात एक लहानसे महाभारत घडले आणि मी या विषयाकडे ओढली गेले.

झाले असे, की आमची कन्या नववी पास झाली. चार वर्षे ती बॅडमिंटन खेळते, बऱ्यापैकी खेळते. निकालाच्या संध्याकाळीच मी तिची रॅकेट कपाटावर टाकली आणि बजावले, "यंदा दहावी आहे. वर्षभर हिला हात लावायचा नाही." तिने आदळआपट केली नाही. एवढेच म्हणाली, "आई, खेळणाऱ्या बायका पुस्तकं वाचतच नाहीत का गं?"

उत्तर सुचले नाही म्हणजे शिक्षक जे करतो तेच मी केले. विषय बदलला.

उत्तर मिळाले ते जुलैत, आणि मौज अशी की माझ्याच विषयात मिळाले. वर्गात तुकोबांचे अभंग शिकवायचे होते. गाथेच्या जुन्या आवृत्त्यांची टिपणे काढताना इंदुप्रकाश छापखान्याच्या आवृत्तीपाशी थांबले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात ती सिद्ध केली. त्यांना साहाय्य केले शंकर पांडुरंग पंडित यांनी. हे शंकरराव म्हणजे वेदांचे आणि कालिदासाचे गाढे अभ्यासक. १८९४ साली ते वारले, तेव्हा त्यांची मुलगी क्षमा अवघी तीन-चार वर्षांची होती. वडिलांमागे ती राजकोटला चुलत्यांच्या घरी वाढली.

हीच पुढे पंडिता क्षमाबाई राव. मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिली. ती १९३२ साली पॅरिसला छापली गेली. वडिलांचे चरित्र लिहिले, तुकोबांचे लिहिले, रामदासांचे, ज्ञानेश्वरांचेही लिहिले. सारे संस्कृत पद्यात! आणि ही विदुषी उत्तम टेनिस खेळत असे. नऊवारी-पाचवारीच्या त्या काळात, एका हाती अनुष्टुभ आणि दुसऱ्या हाती रॅकेट!

त्यांची कन्या लीला १९११ साली जन्मली. १९३४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती विंबल्डनच्या हिरवळीवर उतरली. पहिल्या फेरीत तिने इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला हरविले. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफकडून ती हरली. पण विंबल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान तिचा झाला, आणि तो कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. देशात तर १९३१ ते १९४३ या काळात सात वेळा तिने अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले.

या खेळातून लीलाबाईंना पैसा मिळायचा नव्हता. तेव्हा विंबल्डन हौशी खेळाडूंचेच होते. धंदेवाईकांना दार उघडले ते १९६८ साली. त्या वर्षी पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड मिळाले आणि स्त्रीला साडेसातशे. ही तफावत मिटायला २००७ साल उजाडावे लागले. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला त्या १९९८ साली निरुपमा वैद्यनाथन ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या मुख्य फेरीत सामना जिंकली. आणि मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली सानिया मिर्झा २०१५ साली जगात दुहेरीत पहिली झाली आणि त्याच वर्षी तिने विंबल्डनची दुहेरीही जिंकली. २०२३ साली ती निवृत्त झाली, ती या खेळावर संपन्न आयुष्य उभे करून. लीलाबाईंच्या वाट्याला यातले काही आले नाही. वाटेवरचे पहिले गवत मात्र त्यांच्या पावलांनी दबले.

मैदान सुटल्यावर त्या काय करीत होत्या? १९४३ साली हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. ते पुढे नेपाळात राजदूत झाले आणि १९६४ साली एव्हरेस्टच्या मुलखात भ्रमंती करीत असताना वारले. लीलाबाईंनी भारतीय नृत्यावर लिहिले, आईच्या कथांवरून संस्कृत नाटिका रचल्या. आजोबा, आई आणि लेक, अशा तीन पिढ्या त्या घरात ग्रंथ लिहिले गेले. आणि रॅकेटमुळे एकही ग्रंथ अडला नाही.

टिपणे मिटली आणि मला माझी लाज वाटली. तुकोबांची गाथा मी वीस वर्षे शिकवीत आले. पण ज्या घराने ती जपली त्या घरची लेक काय करून गेली, हे मला ठाऊक नव्हते. आणि आपल्या लेकीची रॅकेट मात्र मी किती सहज कपाटावर टाकली होती!

रात्री जेवताना हे सारे मी घरात सांगितले. कन्या काही बोलली नाही. पण सासूबाई बोलल्या. "मी लंगडीत पहिली यायची. लग्न ठरलं नि संपलं. कोणी विचारलंसुद्धा नाही." पंचवीस वर्षांच्या सहवासात हे त्यांनी मला प्रथमच सांगितले. मीही कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून रॅकेट मीच खाली काढली. धूळ पुसली. ठरले ते असे: संध्याकाळी एक तास मैदान, मग गणित. कन्या दोन्ही पाळते आहे. गणित जरा रडत पाळते, हे कबूल. दहावीचा निकाल अजून लागायचा आहे. चार गुण कमी पडले तर दोष माझ्या माथी येईल हे मी जाणते. तो घ्यायला मी तयार आहे.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावर एखादी रॅकेट सापडेल. ती कोणाची, एवढे घरात जरूर विचारा.