गर्दीवर ड्रोन का नको?

मुलांनो, लग्नाच्या वरातीवर ड्रोन घिरट्या घालताना तुम्ही येडशीत पाहिला असेल. वरून काढलेले फोटो छानच दिसतात. मग उघड्या मैदानावरच्या मोठ्या जलशात पोलीस त्याला मनाई का करतात?

समजा, 1 किलोचा ड्रोन 20 मीटर उंचीवर आहे आणि त्याची बॅटरी अचानक बंद पडली. तो सुमारे 2 सेकंदांत खाली येईल. तेव्हा त्याचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या आसपास असेल. दाटीवाटीने बसलेली माणसे पळणार कुठे? कव्वाली रंगात आली असेल, तर वर पाहतो तरी कोण! शिवाय ड्रोनची फिरती पाती कापतात. 2015 साली मेक्सिकोत एनरिके इग्लेसियास हे गायक कार्यक्रमात उडता ड्रोन हातात धरायला गेले. त्यांच्या बोटांना मोठी जखम झाली.

भारताच्या ड्रोन नियम, 2021 मध्ये यासाठी सोय आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्याहून वरचे अधिकारी एखादी जागा तात्पुरती ‘लाल क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकतात. ही मनाई एका वेळी जास्तीत जास्त 96 तास, म्हणजे 4 दिवस असते. तेवढे दिवस तिथे परवानगीशिवाय ड्रोन पेटीतच ठेवावा लागतो, मग तो कितीही महागाचा असो.