चिंताग्रस्त व्यक्तींमधील मानेचा स्नायुताण आणि हस्तोपचार : उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :
चिंताविकार हा मनाचा आजार मानला जात असला, तरी रुग्णाची पहिली तक्रार पुष्कळदा मानेची असते. परीक्षा तोंडावर आली की मान आखडते, खांदे भरून येतात, असे सांगणारे विद्यार्थी प्राध्यापकांना अपरिचित नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील निदान-निकषांत (डीएसएम-५) सार्वत्रिक चिंताविकाराच्या सहा सहलक्षणांत स्नायुताणाचा समावेश आहे. त्यामुळे ही तक्रार 'नुसती मनाची' म्हणून झटकता येत नाही आणि केवळ मानेची समजून चोळून संपवताही येत नाही.

कारणमीमांसा :
भीती वाटताच खांदे वर उचलले जाणे ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया होय. चिंतेत भीतीचा प्रसंग संपतच नाही. परिणामी मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू अंशतः आकुंचित राहू शकतो. दुसरे कारण श्वसनाचे आहे. शांत श्वसनाचा मुख्य भार श्वासपटलावर असतो. श्वास जलद व उथळ झाला, की बरगड्या उचलण्याचे काम मानेतील साहाय्यक स्नायूंवर अधिक येते. स्वीडनमधील संशोधक योरान हेग यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, अल्प ताणातही काही ठरावीक स्नायुतंतू सर्वांत आधी कामास लागतात व सर्वांत शेवटी विसावतात. जड ओझे न उचलताही मान का दुखते, याचा उलगडा त्यातून होतो.

उपचाराचे स्वरूप :
फिजिओथेरपिस्ट मानेच्या स्नायूंचे मर्दन करतात, तसेच कवटीच्या तळाशी बोटांनी हलका, स्थिर दाब देतात. कारेल लेविट व डेव्हिड सायमन्स यांनी १९८४ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत रुग्ण उपचारकाच्या हाताविरुद्ध काही सेकंद सौम्य जोर लावतो व नंतर श्वास सोडत स्नायू सैल करतो. ही पद्धत पुढे रुग्णाला घरीही करता येते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

परिणामकारकता :
सार्वत्रिक चिंताविकाराच्या ६८ रुग्णांवरील अमेरिकेतील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मर्दन, उष्णतोपचार आणि शांत खोलीतील विश्रांती असे तीन गट होते. बारा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील चिंता कमी झाली. मात्र मर्दन इतर दोहोंपेक्षा सरस ठरले नाही. उपचाररहित गट नसल्याने ही सुधारणा कशामुळे झाली, हे निश्चित सांगता येत नाही. तथापि हाताच्या कौशल्याइतकाच निवांत वेळही मोलाचा असावा, असा विचार करण्यास येथे जागा आहे.

दक्षता :
केशकर्तनालयात झटक्याने मान मोडून घेण्याची प्रथा धोकादायक आहे. क्वचित प्रसंगी अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. हाताला मुंग्या वा अशक्तपणा, ताप, तोल जाणे अथवा अपघातानंतरचे दुखणे असल्यास प्रथम वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. चिंताग्रस्त व्यक्तीस अनपेक्षित स्पर्शानेही दचकल्यासारखे होते. म्हणून प्रत्येक कृती आधी सांगून, संमती घेऊनच करावी.

समारोप :
हस्तोपचाराने मान सैल होते. परंतु चिंता कायम राहिल्यास ताण परततो. म्हणून श्वसनाचा सराव, नियमित व्यायाम आणि गरजेनुसार समुपदेशन वा मानसोपचार यांना पूरक म्हणूनच त्याचा स्वीकार व्हावा. एखादा विद्यार्थी वारंवार मानेची तक्रार करीत असेल, तर त्याच्या झोपेची व काळजीचीही आस्थेने विचारपूस व्हावी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी त्याच्या हाती देता येतो.