हे तेल आलं कुठून?

सकाळी गाडी काढली की समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी खिडक्या लावून घ्यायच्या. एकदा तर त्यांनी वरूनच विचारलं, "काय रे, महापालिकेने डासांची गाडी तुझ्याकडे दिली का?" गाडी म्हणजे वडिलांची 1981 सालची येझदी रोडकिंग. किक मारली की दोन्ही सायलेन्सरमधून पांढुरका, जड धूर निघायचा आणि जिन्यातून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा. वडील म्हणायचे, "टू-स्ट्रोक आहे, धूर मारणारच." ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं समजायला मला दोन वर्षं लागली आणि एक पिस्टन फुकट गेला.

आता येझदी म्हणजे मूळची जावा. प्रागमध्ये फ्रान्तिशेक यानेचेक या शस्त्रं बनवणाऱ्या कारखानदाराने 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क घेतले. यानेचेकमधलं 'जा' आणि वाँडररमधलं 'वा' जोडून नाव झालं जावा. गंमत अशी, की त्यांची पहिली गाडी फोर-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोककडे ते नंतर वळले आणि तिथलेच झाले. आपल्याकडे रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. 1961 पासून तिथून गाड्या निघू लागल्या, 1973 पासून त्यांच्या टाकीवर 'येझदी' हे नाव आलं. इराणमधल्या यझ्द शहरावरून ते घेतलं असं सांगतात. 1996 साली कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी पुन्हा बाजारात आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक. त्यांच्या मालकांना हा लेख वाचायची गरज नाही.

या इंजिनात काय आहे यापेक्षा काय नाही हे आधी डोळ्यांत भरतं. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, रॉकर नाही. 65 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, एकच सिलिंडर, आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन सायलेन्सर. अनोळखी माणसाला वाटतं, दोन सिलिंडरची गाडी आहे. किक आणि गियरचा दांडाही एकच: किक मारून झाली की तोच पुढे वळवायचा आणि गियर टाकायचे. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, आणि येझदीवाला त्याच्याकडे बघून मिशीत हसतो.

धुराच्या दृष्टीने महत्त्वाचं 'नाही' मात्र वेगळंच आहे. या इंजिनाला फिरत राहणाऱ्या तेलाची टाकी नाही. फोर-स्ट्रोकमध्ये तेल खाली साठतं, वर जातं, परत खाली येतं. इथे पिस्टनच्या खालचा क्रँककेस हाच पंप. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि पेट्रोल-हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली आला की तो माल दाबला जाऊन वर सिलिंडरमध्ये जातो. जिथून पेट्रोल जातं तिथे तेलाचं डबकं ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच कालवायचं. ते जाता जाता बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, बोअरला चाटून जातं आणि शेवटी जळतं. एकदाच वापर, परत फेरी नाही. म्हणजे थोडा धूर हा या यंत्राचा धर्मच. तो वाढला तर प्रश्न एकच विचारायचा: हे जास्तीचं तेल आलं कुठून?

मी तो विचारला नाही. एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने एक्झॉस्टपुढे हात धरला, तळव्याला लागलेलं तेल मला दाखवलं आणि म्हणाला, "रिंग गेल्यात साहेब. बोअर मारावा लागेल." फोर-स्ट्रोकच्या गाड्यांमध्ये रिंग झिजल्या की खालचं तेल वर येऊन जळतं, निळा धूर येतो, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की संशय येत नाही. मी मान हलवली. सिलिंडर लेथवाल्याकडे गेला, ओव्हरसाइज पिस्टन आला, नव्या रिंगा आल्या. गाडीची ओढ सुधारली हे कबूल. धूर मात्र तसाच. कारण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालीसुद्धा तेच पेट्रोल-तेलाचं मिश्रण असतं. रिंगांनी थोपवून धरायला खाली वेगळं तेलच नाही. रिंग झिजल्या की कॉम्प्रेशन जातं, किक हलकी लागते, गाडी चढाला दमते. ढगासारखा धूर हे त्यांचं मुख्य लक्षण नव्हे.

मग कोणीतरी पुण्यातल्या नाना पेठेजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांचं नाव सुचवलं. काका पाना उचलण्याआधी वास घेतात. सायलेन्सरच्या शेपटाशी बोट फिरवून ते नाकाशी नेलं आणि विचारलं, "लिटरला किती टाकतोस?"

"साठ मिली."

"का?"

"जुनी गाडी आहे म्हणून. जरा जास्त."

काका हसले. ही चूक घरोघरची. जावाच्या काळातलं प्रमाण 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली. त्या काळच्या तेलांना तेवढं लागायचं. साठ टाकून इंजिनाचं आयुष्य वाढत नाही, प्लग काळा होतो आणि सायलेन्सर तुंबतो. उलट धूर कमी करायचा म्हणून वीसवर येणारेही आहेत. त्यांचा पिस्टन एक दिवस घाटात जाम होतो. चाळीसच्या आसपास राहावं. तेल मापाने घालावं, अंदाजाने नाही, आणि टाकी हलवून घ्यावी. ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना पंपावरचं ते टू-टीचं, म्हणजे टू-स्ट्रोक तेलाचं, छोटं हातपंपाचं यंत्र आठवत असेल. त्यातून कोणतं तेल येतंय हे पंपवाल्यालाही ठाऊक नसायचं.

तेलाची जातही पाहावी. जपानच्या जासो या मानकात टू-स्ट्रोक तेलाची धुरासाठी परीक्षा होते. गुण जितके जास्त तितका धूर कमी. एफबी दर्जाला किमान 45, एफसी आणि एफडीला किमान 85. हा फरक डोळ्यांना दिसतो. कमी धुराच्या तेलांत जड खनिज तेलाचा भाग काढून पॉलिआयसोब्युटिलिन घातलेलं असतं, ते स्वच्छ जळतं. आपल्या सरकारने 1999 पासून कमी धुराचं टू-टी बंधनकारक केलं ते याचसाठी. दिल्लीत तर सुटं तेल विकायलाच बंदी आली आणि पंपावर तयार मिश्रण देणं सुरू झालं. आणि कारचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये टाकणाऱ्यांना काय म्हणावं? ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्याची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते.

मी चाळीसवर आलो, चांगलं तेल आणलं. धूर थोडा उतरला. काकांनी मग सायलेन्सर उघडले. मागचा बोल्ट काढून आतली बाफल नळी ओढायला लागले तर ती येईना. दोघांनी धरून, फिरवून, शिव्या देऊन काढली. डांबरात बुडवून वाळवल्यासारखी दिसत होती. भोकं कुठे आहेत ते चाचपून शोधावं लागलं. टू-स्ट्रोकला सायलेन्सर मोकळा नसला की जळलेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही, नवा माल नीट आत येत नाही, जळणं अर्धवट होतं आणि कार्बन आणखी साठतो. बाफल भट्टीत लाल करून ठोकली की कार्बन खपल्यांनी सुटतो. कॉस्टिक सोड्यातही साफ होते, पण ती लोखंडी असते म्हणून. ॲल्युमिनियमचा एकही भाग कॉस्टिकमध्ये टाकू नये. सोडा तो खाऊन टाकतो.

कार्बोरेटरही पाहिला. धुराचा रंग काळा आणि प्लग काजळीने मखमली झालेला असेल तर संशय पेट्रोलवर घ्यायचा: चोक पूर्ण उघडत नसेल, एअर फिल्टर तुंबला असेल, फ्लोटची सुई नीट बसत नसेल. ही सुई आणखी एक खोडी करते. रात्री पेट्रोलचा कॉक उघडा राहिला तर गळणारं पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं. पेट्रोल उडून जातं, तेल तळाशी राहतं. दोन महिने उभी असलेली गाडी पहिल्या किकला अख्खी गल्ली धुराने भरते ती बहुधा यामुळे. दोन-चार किलोमीटरमध्ये ती शुद्धीवर येते. असा धूर हे दुखणं नव्हे. कॉक बंद करायची सवय लावा, झालं.

माझ्या गाडीचा धूर काळा नव्हता आणि दहा किलोमीटरनंतरही थांबत नव्हता. काकांनी विचारलं, "गियर ऑइल कधी टाकलंस?" मी म्हणालो, दर महिन्याला थोडं घालतो, कमी होतं. "खाली गळतं?" नाही, गाडीखालची फरशी कोरडी असते. काकांनी पाना खाली ठेवला. "मग जातं कुठं?"

या प्रश्नातच उत्तर होतं आणि ते दोन वर्षं माझ्यासमोर होतं. येझदीत क्लच आणि प्रायमरी चेन डाव्या बाजूला तेलात बुडालेली असतात. त्या तेलाच्या आणि क्रँककेसच्या मध्ये क्रँकच्या शाफ्टवर एक रबरी सील असतं, बस. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि ती पेट्रोलबरोबर या सीललाही ओढते. सीलची धार कडक झाली, चिरली, की गियर ऑइल आत खेचलं जातं आणि पेट्रोलबरोबर जळतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. दुसऱ्या बाजूचं, डायनॅमोकडचं सील गेलं तर तिथून तेल नाही, हवा शिरते; मग धूर नाही, पण थ्रॉटल सोडला तरी गाडी रेसच राहते आणि पिस्टन जळतो. एकाच इंजिनाची दोन सीलं, आणि त्यांची दुखणी अगदी उलटी.

काकांनी खात्रीही करून घेतली. इंजिन चालू ठेवून गियर ऑइल घालायच्या भोकावर तळवा ठेवला आणि मला ठेवायला लावला. खाली धक्-धक् जाणवत होतं. पिस्टनचे ठोके क्लचच्या पेटीत येत होते. तिथे ते यायला नकोत.

पुढचं काम बघायला मी दुकान बंद होईपर्यंत बसलो. डावं कव्हर, क्लचच्या प्लेटा, चेन, मग पुलर लावून क्रँकवरचं स्प्रॉकेट. ते सुटलं तेव्हा जो 'टक्क' आवाज झाला तो ऐकून मला वाटलं, काहीतरी तुटलं. शेवटी सील काकांच्या तळहातावर आलं. रुपयाच्या नाण्याहून थोडंसं मोठं, धार काचेसारखी टणक. नखाने दाबली तर तिचा तुकडा पडला. नवीन सील बसवताना काकांनी शाफ्टवर बोट फिरवून ओरखडा आहे का ते पाहिलं, धारेला तेल लावलं, आणि हातोडा न वापरता एका जुन्या पाइपच्या तुकड्याने ते सगळीकडून सारखं दाबत नेलं. नव्या पिस्टनच्या किमतीपुढे सीलची किंमत चिल्लर होती.

गाडी चालू केली. धूर आलाच, पूर्वीइतकाच. माझा चेहरा बघून काका म्हणाले, "सायलेन्सरमध्ये दोन वर्षांचं तेल आहे, ते कोण जाळणार? दिवे घाट चढून सासवडला जा, चहा पी, आणि मग शिव्या द्यायला ये." घाटाच्या पहिल्या वळणांवर मागचं काही दिसत नव्हतं. वर पोहोचेपर्यंत आरशात रस्ता दिसू लागला. सासवडला चहा पिऊन किक मारली तेव्हा मागे फक्त फिकट निळी रेघ होती, जेवढी असायला हवी तेवढीच.

जाता जाता पीयूसीबद्दल. पेट्रोल गाडीच्या या तपासणीत धूर मोजतच नाहीत. मोजतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. 2000 च्या मार्चअखेरपर्यंत बनलेल्या दुचाकींना 4.5 टक्के आणि 9000 पीपीएम इतकी सूट आहे, त्यामुळे ढग सोडणारी गाडीसुद्धा पास होऊ शकते. पीयूसी मिळालं म्हणजे गाडी निरोगी, असं समजू नये. आणि 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला गाडीचं वय 50 वर्षांहून जास्त लागतं, त्यामुळे वडिलांची रोडकिंग अजून त्या मानाने तरुणच.

तुमच्या टू-स्ट्रोकचा धूर वाढला असेल तर कोणाला बोअरला हात लावू देण्याआधी गियर ऑइल काढा, मापात ओतून बघा. घातलं होतं त्याहून कमी निघालं, तर पिस्टनचे पैसे खिशातच ठेवा आणि एक सील विकत आणा.