पॅरासिटामॉल विषबाधा

पॅरासिटामॉल या वेदनाशामक व ज्वरनाशक औषधाच्या अतिमात्रेमुळे मुख्यत्वे यकृतास होणारी इजा. प्रौढास २४ तासांत ४ ग्रॅ.पेक्षा अधिक मात्रा देत नाहीत. यकृतविकार, कुपोषण वा नित्य मद्यपान असल्यास ही मर्यादा आणखी कमी ठेवतात. सर्दी, ताप व अंगदुखी यांवरील अनेक संयुक्त गोळ्यांत हेच औषध असते. त्यामुळे कोल्हापूरनजीकच्या शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत कष्टाचे काम करणाऱ्या कामगाराने अंगदुखीसाठी एक व तापासाठी दुसरी, अशा निरनिराळ्या नावांच्या गोळ्या वारंवार घेतल्यास नकळत अतिमात्रा होऊ शकते.

विषक्रिया : नेहमीच्या मात्रेतील बहुतेक औषध यकृतात निरुपद्रवी संयुगांत रूपांतरित होऊन मूत्रावाटे बाहेर पडते. अल्प भागापासून विषारी पदार्थ तयार होतो. त्यास यकृत-कोशिकांतील ग्लुटाथायोन निष्प्रभ करते. अतिमात्रेत ग्लुटाथायोनाचा साठा संपतो व कोशिकांचा नाश होऊ लागतो.

लक्षणे : पहिल्या २४ तासांत मळमळ व वांती यांखेरीज फारसे काही जाणवत नाही, रुग्ण धडधाकट दिसतो व त्यामुळेच उपचारास विलंब होतो. पुढे उजव्या बरगड्यांखाली वेदना आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, वृक्क-निष्फलता व बेशुद्धी उद्भवू शकतात.

उपचार : ॲसिटिलसिस्टीन हा यावरील उतारा होय. त्यापासून ग्लुटाथायोन पुन्हा तयार होते. तो नीलेवाटे देण्याची पद्धत १९७०–८० या दशकात एडिंबरो येथे एल. एफ. प्रेस्कॉट व त्यांचे सहकारी यांनी रूढ केली. एकाच वेळी घेतलेल्या अतिमात्रेत, सेवनानंतर किमान ४ तासांनी रक्तातील औषधाची पातळी मोजून, रुमॅक व मॅथ्यू यांच्या १९७५ मधील आलेखावरून उताऱ्याची गरज ठरवितात. प्रचलित क्रमानुसार दर किग्रॅ. वजनास पहिल्या तासात १५० मिग्रॅ., पुढील ४ तासांत ५० मिग्रॅ. व त्यानंतरच्या १६ तासांत १०० मिग्रॅ. उतारा ग्लुकोजाच्या विद्रावातून देतात. अंगावर पुरळ वा धाप उद्भवल्यास तो काही काळ थांबवून पुन्हा सावकाश सुरू करतात. सेवनापासून ८ तासांच्या आत सुरू केल्यास यकृताचे रक्षण जवळजवळ निश्चित होते; उशिरा दिला तरी तो उपयुक्त ठरतो. यकृत पूर्णतः निकामी झाल्यास प्रतिरोपण हाच पर्याय उरतो.

अतिमात्रेची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता वा घरी वांती न करविता, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठावे. गोळ्यांची वेष्टने सोबत न्यावीत व सेवनाची वेळ सांगावी. हेतुतः गोळ्या घेतलेल्या रुग्णास मानसोपचारही तितकाच आवश्यक असतो.