विद्युत्कणांची वाट व तिची राखण

टेंभी नाक्याच्या गर्दींतून सायकल काढणारा मुलगा आपण पाहिला असेलच. तोल किंचित् ढळला कीं डोळ्यांस तें कळतें आणि हात लागलीच हँडल तितकेंच वळवितात. हेंच तत्त्व एका अवाढव्य यंत्रांत कसें योजिलें आहे, तें आज पाहूं.

इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रांत ‘इंडस-२’ नांवाचें सिंक्रोट्रॉन आहे. २००५ सालीं त्यांतून प्रथम प्रकाश मिळाला. त्याच्या १७२.५ मीटर परिघाच्या निर्वात नळींतून विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें सेकंदास सुमारें १७ लक्ष फेरे घालतात. चुंबकांनीं त्यांस वळविलें कीं त्यांपासून प्रखर क्ष-किरण निघतात. त्यांच्या साह्यानें शास्त्रज्ञ धातूंची व प्रथिनांची घडण अभ्यासतात. परंतु हे किरण कित्येक मीटर दूर ठेवलेल्या इवल्याशा नमुन्यावर पडावे लागतात. विद्युत्कणांचा झोत केंसभर सरकला तरी किरण नमुना चुकवितात आणि अभ्यासकाचे तासन् तास केलेले श्रम वायां जातात.

झोत सरकतो कां? दिवसरात्रीच्या उष्णतामानानें यंत्राचे आधार प्रसरण व आकुंचन पावतात. पंपांच्या कंपनानें चुंबक थरथरतात. म्हणून वर्तुळावर ५६ ठिकाणीं झोताचें स्थान मोजणारीं उपकरणें बसविलीं आहेत. तीं यंत्राचे डोळे. लहान सुधारक चुंबक हे त्याचे हात. एका चुंबकाचें बळ बदललें तरी सगळीच वाट हलते. यास्तव कोणत्या चुंबकानें कोठें किती फरक पडतो, याचें कोष्टक आधीं तयार करितात व त्यावरून संगणक हिशेब मांडतो.

सावकाश चालणारी दुरुस्ती उष्णतेचा मंद फरक आवरते; जलद कंपनापुढें मात्र ती हतबल ठरते. मिनिटांतून एकदांच डोळे उघडणाऱ्या सायकलस्वाराची जी गत, तीच तिची. म्हणून मापन, हिशेब व चुंबकांस जाणारी आज्ञा हीं तिन्ही जलद करून तेथें शीघ्र दुरुस्तीची योजना जोडण्यांत आली. केवळ बळ वाढवून भागलें नसतें. शिळ्या बातमीवर जोराचा हिसका दिला, तर झोत दुसऱ्या बाजूस फेंकला जातो आणि त्याचें डोलणें उलट वाढतें.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्रींचें जागरण हा असाच उशिराचा हिसका होय. रोजची चूक रोज पाहावी, व ती असेल तितकीच सुधारावी. पालकांनींही वर्षअखेरच्या संतापापेक्षां रोजच्या दोन मृदु शब्दांवर अधिक विश्वास ठेवावा.